हवा मागून येते

स्केनेक्टडीतलं तळघर. टेबलटेनिसच्या जुन्या टेबलावर
सत्त्याऐंशी पटींनी आक्रसलेलं जग:
मोहॉक नदी म्हणजे व्हार्निशचे चार थर,
झाडं वाळक्या शेवाळाची,
आणि रुळांवर उभं बाबांचं आर-एस-थ्री,
वीतभर लांब,
पुढचं नाकाड आखूड, मागची पाठ लांबलचक,
मधे केबिन, घोड्यावर खोगीर टाकावं तशी.

खरी इंजिनं बाबांनी अकरा वर्षं जोडली.
बोलेस्लॉ ग्झेलाक, दुसरी पाळी, टर्बो बसवणारे.
जेवताना काटा खाली ठेवून सांगायचे:
सिलिंडरात हवा इतकी दाबायची
की तीच तापून आग व्हावी.
ठिणगी नको, काडी नको.
मग तिच्यावर डिझेलचा फवारा.
त्या धडाक्यानं जनित्र फिरतं,
जनित्राची वीज खाली आसांवरच्या मोटरांना,
आणि चाकं फिरवते ती वीज, बरं का, डिझेल नव्हे.
एवढा सगळा आकांत कशासाठी,
तर आपली वीज आपल्या पोटात घेऊन हिंडायला.
आई मिठाची बाटली पुढे सरकवायची.

चालकाच्या हाताखाली आठ खाचा.
दांडा पुढच्या खाचेत गेला की
इंधन लगेच हजर,
हवा मात्र वरातीमागून घोडं.
टर्बोचं चाक अजून आळोखेपिळोखे देत असतं,
आणि तेवढ्या चार श्वासांत
जे जळलं नाही ते सगळं काळं होऊन
आभाळाला जाऊन लागतं.
लोक हसायचे: डिझेलच्या अंगात वाफेचं भूत आलंय.

आमच्या घरात हे शास्त्र आधीपासून ठाऊक होतं.
बशी फुटली, यूजीन नापास झाला,
मी नाचाहून उशिरा आले,
की पहिलं इंधन.
मग कधीतरी रात्री अकराच्या पुढे
जिन्यावर पावलं,
आणि सकाळी दाराशी सोललेलं सफरचंद,
तपकिरी पडलेलं.

त्रेपन्न साली इंजिनं परत यायला लागली.
टर्बो जळालेले, क्रँकशाफ्ट मोडलेले,
दोनशे चव्वेचाळीस हा आकडा
घरात कुणी उच्चारायचा नाही.
मग दोनशे एक्कावन्न आलं, चांगलं निघालं,
पण तोवर गिऱ्हाईक इलिनॉयच्या कारखान्याकडे गेलं होतं.
एकोणसत्तरला फाटकाला कुलूप.
आता तिथे कॅसिनो आहे.
यूजीन जातो. हरतो बहुतेक.

बाबा गेल्यावर ऑल्बनीहून एक संग्राहक आला, प्राइन म्हणून.
वीस डबे जोडून त्यानं आर-एस-थ्री चढावर सोडलं.
घसरलं नाही.
"फार वजनदार आहे हो," तो म्हणाला, "आत काय भरलंय?"

चार स्क्रू. कवच उचललं.
एक छोटी मोटर, रुळांतून वीज पिणारी.
म्हणजे बाबा, इथेही चाकं वीजच फिरवते,
फक्त पोट रिकामं.
रिकामं नव्हतं.
मोटरीच्या मागे, जिथे कुणाची नजर कधी पोचणार नव्हती,
शिशाच्या ठोकळ्यावर
हरभऱ्याएवढा पितळी टर्बो.
पात्यांना कानशीचे ओरखडे.
त्याला कशाचीच नळी जोडलेली नव्हती.
त्याला काही कामच नव्हतं.

मी वाकून फुंकर घातली.
काही झालं नाही.
प्राइननं घड्याळ पाहिलं.
मग तो फिरला.

"याचे वेगळे पैसे नाही धरता येणार," प्राइन म्हणाला.
मी म्हटलं, नका धरू.
कवच परत बसवताना
एक स्क्रू टेबलाखाली कुठेतरी गेला.
तीनांवरच बसतंय सध्या.